२००-५०० अंगावर वाहताना : फेब्रुवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

लेन्स घरात आली त्याला नऊ महिने झाले. निकॉनची २००-५०० एफ/५.६, म्हणजे लांबचे पक्षी टिपायची २०० ते ५०० मिलिमीटरची झूम लेन्स, एका गृहस्थाने दोन वर्षं वापरलेली, बोरा बाजारातल्या दुकानातून घेतली. तिच्या फोकसबद्दल आणि तीक्ष्णपणाबद्दल भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते तिला घेऊन फिरण्याबद्दल. मी मुलुंडला राहते, गाडी नाही, आणि पक्षी बघायला जायचं म्हणजे पहाटेची लोकल. कॉलरसकट (कॉलर म्हणजे लेन्सभोवतीचं कडं, त्याला ट्रायपॉडवर बसवायचा पाय असतो) लेन्स २३०० ग्रॅम, बॅटरी घातलेली डी ५००, म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी, ८६० ग्रॅम. तीन किलोंच्या वर ओझं झालं, आणि त्यात काच आहे.

फेब्रुवारी, शिवडी

पहिली फेरी रोहित (फ्लेमिंगो) बघायला. मुलुंडहून कुर्ला, तिथून हार्बरने शिवडी. लेन्स जुन्या पाठपिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली, बॉडी वेगळी. वाटलं होतं की सुटी ठेवली की सुरक्षित राहील. जेट्टीवर पोचले तेव्हा भरतीचं पाणी चढत होतं आणि पाण्यासोबत रोहितांचा थवा काठाकडे सरकत होता. शिवडीत हाच तास मोलाचा. पाणी पूर्ण भरलं की पक्ष्यांना उभं राहायला चिखल उरत नाही आणि ते उठतात. त्या तासातली वीस मिनिटं माझी टॉवेल सोडण्यात, दोन्ही टोपणं काढण्यात आणि खाडीच्या वाऱ्यात उघड्या बॉडीवर लेन्स बसवण्यात गेली. घरी येऊन फोटो बघितले तर आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे चार ठिपके.

दुसरी चूक गळ्यातली. कॅमेऱ्याच्या पट्ट्याने सगळं गळ्यात अडकवलं होतं. मानेचं दुखणं दोन दिवसांत गेलं, पण चालताना लेन्सचं सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडी जिथे जुळतात त्या कड्यावर, लोंबत होतं. माउंट धातूचा आहे, लगेच काही होत नाही. तरी २३०० ग्रॅमचा दांडा चार-पाच बारीक स्क्रूंवर तासभर हिंदकळत ठेवणं चूकच. तेव्हापासून नियम केला की लेन्स उचलायची ती कॉलरच्या पायाने. बॉडी लेन्सला लटकते, लेन्स बॉडीला लटकत नाही. आणि घरून निघतानाच दोन्ही जोडलेली असतात.

मार्च, भांडुप पंपिंग

ही नोंद लिहायला जड जातेय, पण तीच सगळ्यात उपयोगाची आहे.

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी तिरका पट्टा घेतला. एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत येणारा, आणि लेन्सच्या पायातल्या ट्रायपॉडच्या भोकात एका स्क्रूने अडकणारा. चालायला फार सुखाचा. वजन कमरेशी येतं, हात मोकळे राहतात, कॅमेरा वर उचलला की पट्ट्यावरून सरकत डोळ्याशी येतो. पहिल्या तासात मी त्याच्या प्रेमात पडले.

भांडुप पंपिंगच्या रस्त्याला एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला कांदळवन. एक भोवत्या (शिकारी पक्षी) मिठागरांवरून खालून खालून चालला होता आणि मी त्याच्या मागे झपाझप निघाले. मध्येच कमरेजवळचा भार जरा वेगळा वाटला. हात खाली नेला, पायाला बोटं लागली, आणि त्याच क्षणी स्क्रू सुटला. बोटांनी लेन्स थोपवली नाही, फक्त तिचा वेग कमी केला. ती समोरच्या टोकावर, हूडवर (काचेपुढच्या गोल आडोशावर), ओल्या मातीत पडली. हूडला काठापासून आत बोटभर चीर गेली. काच शाबूत. खाली बसून किती वेळ नुसती काचेकडे बघत होते, भोवत्या कुठे गेला ते कळलं नाही.

नंतर पट्टा टेबलावर ठेवून नीट पाहिला. चालताना लेन्स मागेपुढे झुलते आणि झुलताना थोडी फिरतेही. प्रत्येक पावलाला स्क्रूला केसभर उलटा पीळ बसतो. निघताना हाताने कचकचून आवळलेला स्क्रू दोन तासांत सैल होतो. रबराचा वॉशर पातळ होता, तोही दबून गेलेला. विकणाऱ्याने आवळून द्यायची काळजी घेतली होती, पण हे परत परत आवळावं लागतं असं काही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून केलेले बदल. स्क्रूला निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, पाना लावून सुटेल असा मध्यम ताकदीचा. लाल लावू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. जाड रबरी वॉशर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा जोड: पॅराकॉर्डचा (बारीक, मजबूत नायलॉन दोरीचा) एक फास कॉलरच्या पायाच्या मानेभोवती, त्याचं दुसरं टोक थेट पट्ट्यात ओवलेलं, स्क्रूशी काही संबंध नसलेलं. स्क्रू सुटला तर लेन्स चार बोटं खाली येईल आणि तिथेच थांबेल. घरी गादीवर उभं राहून स्क्रू मुद्दाम काढून पाहिलं. थांबली. एका जोडावर मी आता ती कधीच टांगत नाही.

कॉलरचा आवळायचा स्क्रूसुद्धा रोज बघावा लागतो. उभा फोटो घ्यायला आपण तो सैल करतो आणि आडवं करताना अर्धाच आवळतो. लोकलमध्ये चढायच्या आधी एकदा, उतरल्यावर एकदा, असा हात फिरवायची सवय लागलीय.

एप्रिल, धारावी

दुकानातल्या बॅगा दोन प्रकारच्या मिळाल्या. एक तर फक्त लेन्स मावेल अशी नळकांडी, नाहीतर अख्खं सामान मावेल असं पाठीवरचं कपाट. मला हवी होती जोडलेली लेन्स आणि बॉडी उभी मावेल अशी, आणि लोकलमध्ये पुढे छातीवर घेता येईल इतकी अरुंद. २००-५०० बंद असताना साधारण २७ सेंटिमीटर, त्यात बॉडीची जाडी आणि उलटा लावलेला हूड. मी पुठ्ठ्याचा साचा केला: आतली खोली ४२, रुंदी २२, जाडी १८ सेंटिमीटर. साचा घेऊन सायनला उतरले आणि धारावीत बॅगा शिवणाऱ्या एका काकांकडे गेले.

त्यांनी साचा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "ताई, आत काय जाणार ते दाखवा." लेन्स हातात घेऊन दोन-तीनदा वजन तोललं. मग म्हणाले, "पट्टा शिवणीवर तुटत नाही, बकलावर तुटतो. वजनाच्या जागी बकल देऊच नका." म्हणून खांद्याचे दोन्ही पट्टे वरच्या टोकाला सलग शिवलेत, बकल फक्त खाली लांबी कमीजास्त करायला. पट्टा जिथे कापडाला भेटतो तिथे त्यांनी एक चौकोन शिवला आणि चौकोनात फुली मारली. नुसत्या आडव्या टाक्यांची रांग ओढली की पहिला टाका आधी जातो, मग पुढचा, मग शेजारचा. चौकोन-फुलीत ताण चारही बाजूंना वाटला जातो. फुलीच्या मध्यावर, जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे सुई दोनदा उतरवून त्यांनी दोरा तोडला. अंगठ्याचं नख तिथे रुतवून मला दाखवलं.

आत १० मिलिमीटरचा ईव्हीए फोम, तळाला दुप्पट. लेन्स तोंड खाली करून जाते, म्हणजे कॅमेऱ्याची मूठ वर येते आणि एका हाताने सगळं बाहेर काढता येतं. तळाच्या फोमला मध्यभागी गोल कापलाय, त्यामुळे भार हूडच्या कडेवर येतो, समोरच्या टोपणावर नाही. २००-५०० तोंड खाली असली की स्वतःच्या वजनाने लांब होते, तेव्हा झूमचं कुलूप २०० वर लावल्याशिवाय बॅगेत ठेवायची नाही.

बॅग बाहेरून साधी, काळपट, कुठेही कॅमेऱ्याचं नाव नाही. लेडीज डब्यात एका मावशींनी विचारलं, आत तबला आहे का. मी हो म्हटलं आणि त्यांनी स्वतः सरकून माझ्यासमोर वीतभर जागा केली. रविवारी मेगाब्लॉकच्या गर्दीत परत येणं हीच या बॅगेची खरी परीक्षा होती. कुर्ल्याच्या पुलावर लोक अंगावर येत होते, पण छातीवरची बॅग दोन्ही हातांच्या कवेत होती आणि आतून काहीही खडखडलं नाही.

जून ते सप्टेंबर

जूनच्या पहिल्या पावसात नवरंग ऐकायला राष्ट्रीय उद्यानात गेले. रेनकोटच्या कापडाची बाही शिवून घेतली होती, पुढे हूडवर इलॅस्टिक, मागे दोरी. पाणी आत गेलं नाही. पण कापडाला आतून वाफ धरली आणि झूमची नळी ओलसर झाली. आता बाहीच्या आत सुती पंचा गुंडाळते. पाऊस थांबला की बाही पूर्ण काढायची, तशीच ठेवून चालत राहायचं नाही.

या लेन्सबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. झूम फिरवली की तिची नळी बाहेर येते, आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. बंद केली की तीच हवा बाहेर जाते. म्हणजे ती श्वास घेते, आणि मुंबईत तो श्वास खारा आणि दमट असतो. सोनीच्या २००-६०० सारख्या ज्या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यांना हा त्रास पुष्कळ कमी. माझ्यासारखी वाढणारी लेन्स असेल तर ओल्या पावसात ३०० वर ठेवून तिथेच राहावं, सारखं पुढेमागे करू नये.

धक्क्यापेक्षा मला बुरशीची भीती जास्त वाटते. धक्का बसला की कळतं तरी. बुरशी कपाटात, अंधारात, आपण महिनाभर हात लावला नाही की वाढते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे येतात, आणि उशीर झाला तर काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. जुलैत माझ्या खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. म्हणून लेन्स आता रबरी कडेच्या हवाबंद डब्यात राहते, सोबत सिलिका जेल आणि छोटा मापक. ४० ते ५० च्या मध्ये ठेवते. त्याहून फार कोरडंही नको, आतल्या वंगणाला आणि रबराला ते मानवत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मलाही मिळाला होता. तांदळाची पावडर झूमच्या फटीत जाते, तेव्हा तो ऐकू नका.

निळे सिलिकाचे दाणे गुलाबी झाले की भाजायचे. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. त्यामुळे स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नाही. आईने एक जुना, कान तुटलेला तवा काढून दिला, त्यावर लाल रंगात खूण केलीय आणि तो गॅलरीतच असतो. मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, दाणे परत निळे होईपर्यंत. शक्य असेल त्यांनी सरळ नारिंगी दाणे घ्यावेत, ते भिजले की हिरवे होतात आणि त्यांत कोबाल्ट नसतं.

खाडीवरून आल्यावर लेन्स थेट डब्यात जात नाही. आधी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची, मग गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने नळी, कॉलर आणि स्क्रू पुसायचे. मीठ कोरड्या फडक्याने निघत नाही, नुसतं पसरतं. मग पंख्याखाली तासभर, आणि नंतर डबा. समोरच्या काचेला ते फडकं लावायचं नाही.

एसी लोकलचं एकदा विसरले होते. गार डब्यातून कांजुरमार्गला उतरून फलाटावरच बॅग उघडली, आणि काच, आयपीस, पाठीमागचा पडदा, सगळं एकदम धुकट. पुसून उपयोग नाही, लगेच परत येतं. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास चाललं की सामान बाहेरच्या हवेइतकं होतं. आता रिक्षा न करता चालतच जाते.

ऑक्टोबर

खर्चाचा आकडा मुद्दाम लिहीत नाही, फोमचे आणि शिलाईचे भाव दुकानागणिक बदलतात. पण पट्टा, बॅग, बाही आणि डबा मिळूनही एका बऱ्या ट्रायपॉडपेक्षा कमीत झालं.

एक मैत्रीण कॅननची १००-५०० वापरते, पायाशिवाय ती १३७० ग्रॅम. तिची लेन्स दिवसभर हातात घेतली तेव्हा मनात आलं की विकून टाकावी का आपली. संध्याकाळी भांडुपला सूर्य खाली आल्यावर ५०० वर एफ/५.६ मिळाला (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) आणि तो विचार गेला. कॅननची तिथे एफ/७.१ ला थांबते.

बाकी राहिलेली कामं: चिरलेला हूड अजून तसाच आहे, आतून कापडी टेप लावलीय, नवा मागवलाय. मोनोपॉड (एकपायी स्टँड) बॅगेच्या बाजूला अडकवायला काकांकडून दोन पट्ट्या शिवून घ्यायच्यात, यावेळी मोनोपॉड सोबत घेऊन जाणार. पॅराकॉर्डचा फास एका जागी झिजून मऊ पडलाय, तो या आठवड्यात बदलते. ठाण्याच्या खाडीत अजून रोहित उतरलेले नाहीत. डिसेंबरच्या रविवारांच्या भरतीच्या वेळा मी भिंतीवर लिहून ठेवल्यात.