शिशाच्या जिगांवर पावडर भाजायला कोणता ओव्हन घ्यावा

गोव्यात मांडवी-झुआरीच्या पुलांखाली किंवा खडपांवर जे चोणक, तांबोशी, गोबऱ्यासाठी गरवतात, त्यांना जिगचा, म्हणजे गळावर शिसं ओतून केलेल्या आमिषाचा, रंग किती टिकतो ते सांगायला नको. खांबांवर कालवांचा थर असतो. एनॅमल किंवा नेलपॉलिश लावलेला जिग त्यावर चार वेळा आपटला की खालचं करडं शिसं दिसायला लागतं. पावडर कोटिंग टिकतं, कारण तो वाळलेला रंग नसतो. प्लास्टिकची भुकटी वितळून, आतल्या आत जोडली जाऊन एकसंध कवच झालेलं असतं. मात्र ते जोडलं जाण्यासाठी नेमकं तापमान लागतं आणि ते पंधरा-वीस मिनिटं टिकावं लागतं. म्हणून ओव्हन निवडताना लिटर आणि वॉट नंतर पाहा. जिग जिथे टांगलेला असेल तिथे १८० अंश स्थिर राहतात का, हे आधी पाहा.

आकडे असे. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. बहुतेक पॉलिएस्टर पावडरी १८० ते २०० अंशांना पिकतात, म्हणजे जोडल्या जाऊन कडक होतात. जिगांसाठी परदेशातून येणाऱ्या डब्यांवर ३५० फॅरनहाइट, म्हणजे १७७ अंश असतं. तिकडे बंदुकीच्या ओतीव गोळ्यांवर पावडर चढवणारे ४०० फॅरनहाइट धरतात, म्हणजे २०४. यातला कुठलाही आकडा घेतला तरी शिशापासून शंभराहून जास्त अंश दूर आहे.

पण ही सुरक्षितता फक्त शुद्ध किंवा जवळपास शुद्ध शिशाची. ओतताना साचा नीट भरावा म्हणून काही जण शिशात सोल्डर घालतात. सोल्डर म्हणजे कथील आणि शिशाचं मिश्रण, आणि ते १८३ अंशांनाच पातळ व्हायला लागतं. दोन-तीन टक्के कथील असेल तर काही बिघडत नाही. पण रेडिओवाल्याकडचं भंगार सोल्डर मूठभर टाकलं असेल तर २०० अंशांत जिगचं नाक ओघळतं आणि दोष ओव्हनवर येतो. गाडीच्या चाकाची जुनी शिशाची वजनं चालतात. त्यांतल्या थोड्या अँटिमनीमुळे वितळण्याचा बिंदू खाली येतो, तरी २३० च्या वरच राहतो. मिश्रणाची खात्री नसेल तर एक उघडा जिग २०० अंशांत अर्धा तास टांगून बघा. त्याच्या कडा जशाच्या तशा राहिल्या तर पुढे जा.

आता ओव्हन. आपल्याकडे ज्याला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) म्हणतात तोच घ्यायचा, मायक्रोवेव्ह नव्हे. त्यात मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर पंखा हवा. इथे दुकानात फसगत होते. खोक्यावर ‘मोटराइज्ड रोटिसरी’ लिहिलेलं असतं आणि विक्रेता त्यालाच कन्व्हेक्शन, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा, म्हणून पुढे करतो. रोटिसरी म्हणजे कोंबडी फिरवणारी सळई. तिने हवा हलत नाही. दार उघडा, आत जाळीमागे पाती दिसतात का बघा, बटणावर पंख्याचं चिन्ह आहे का बघा, आणि दुकानातच लावून आवाज ऐका. बिनपंख्याच्या ओटीजीत वरच्या आणि खालच्या फळीत २५-३० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे एका रांगेतला जिग कच्चा आणि दुसऱ्या रांगेतला पिवळा.

आकार २५ ते ३० लिटर. सोळा लिटरचा स्वस्त पडतो, पण त्याची उंची कमी. गळासकट टांगलेला जिग वरच्या किंवा खालच्या कांडीच्या, म्हणजे विजेने तापणाऱ्या नळीच्या, फार जवळ येतो. कांडीपासून सगळीकडे सात-आठ सेंटिमीटर तरी अंतर हवंच. नऊ लिटरचा तर विचारसुद्धा करू नका. उलट चाळीस-साठ लिटरचा घेऊन फायदा नाही, कारण एका खेपेला वीस-पंचवीस जिग पुरे होतात आणि उरलेली पोकळी तापवायला फुकट वीज जाते. पंख्याचा तीस लिटरचा ओटीजी साधारण सहा ते नऊ हजारांत मिळतो. डिजिटल पडदा आणि दहा मेनूंचे जास्त पैसे देऊ नका. ते पैसे तापमान मोजायच्या साधनावर घाला.

ते साधन म्हणजे के-टाइप थर्मोकपल (टोकाला तापमान मोजणारी वायर) लावता येणारा साधा मल्टिमीटर. हजाराच्या आत येतो, वायर सोबत मिळते. ओव्हनच्या बटणावरचे अंश हा अंदाज असतो. आतला थर्मोस्टॅट पत्र्याच्या वाकण्यावर चालतो. तो १८० वर ठेवला तर हवा १६५ ते १९५ मध्ये झुलते, आणि पहिल्यांदा तापताना त्याच्याही वर जाऊन येते. म्हणून आधी रिकामा ओव्हन वीस मिनिटं तापवायचा आणि मगच जिग आत.

मोजायची पद्धत नीट समजून घ्या. हवा मोजून उपयोग नाही, शिसं मोजायचं. एका टाकाऊ जिगला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, थर्मोकपलचं टोक आत घाला आणि वरून हलकेच ठोकून बसवा. हा जिग इतरांमध्ये टांगा, वायर दाराच्या फटीतून बाहेर काढा. दर मिनिटाला आकडा लिहा. सात ग्रॅमचा जिग काही मिनिटांत तापतो, साठ ग्रॅमचा बराच वेळ घेतो. पिकण्याचा वेळ मोजायचा तो या जिगने १७५ गाठल्यापासून, दार लावल्यापासून नव्हे. मोठे जिग कच्चे राहतात ते बहुतेक याच चुकीने. लेझरच्या ठिपक्याची बंदूक इथे वापरू नका. चकचकीत धातूवर ती खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते.

हाच प्रयोग चारही कोपऱ्यांत करा. पंखा असूनही एक कोपरा दहा अंश गरम निघतो, बहुधा पंख्याच्या बाजूचा. तो कोपरा खडूने खूण करून मोकळा सोडला की झालं.

जिग करपतात ते हवेने कमी आणि लाल झालेल्या कांडीच्या थेट धगीने जास्त. पांढरा आणि चार्ट्र्यूज (पिवळसर पोपटी) रंग यात आधी जातात. उपाय अगदी सोपा. सर्वांत खालच्या खोबणीत एक पातळ अॅल्युमिनियमचा ट्रे आडवा ठेवा आणि वरच्या कांडीखालीही तसाच पत्रा, बाजूंनी हवा फिरायला दोन-दोन सेंटिमीटर मोकळे सोडून. आता कांडी जिगला बघू शकत नाही, फक्त हवा तापते. ट्रे पातळच हवा. एक किलो शिसं ३० पासून १८० पर्यंत न्यायला साधारण १९ किलोज्यूल लागतात, तेवढंच लोखंड जवळजवळ चौपट खातं. चौदा ग्रॅमचे वीस जिग म्हणजे जेमतेम २८० ग्रॅम शिसं. जाड लोखंडी तवा किंवा फरशी आत ठेवली तर ओव्हन जिग सोडून तिलाच तापवत बसतो.

टांगायला सायकलचे स्टीलचे आरे उत्तम. दोन बाजूंच्या खोबण्यांवर आडवे टेकतात, वाकत नाहीत, आणि गळाचा बाक त्यावर अलगद बसतो. दोन जिगांत दोन सेंटिमीटर अंतर. तीन-चार ग्रॅमचे जिग पंख्याने हलून एकमेकांना चिकटतात. त्यांच्यासाठी आऱ्यावर बारीक तारेचे वेढे देऊन जागा ठरवून ठेवा.

विजेकडे आता. तीस लिटरचा ओव्हन १५००-१६०० वॉटचा, म्हणजे सात अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावू नका. प्लग मऊ होतो, आतली पट्टी काळी पडते. १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि खरं अर्थिंग हवं. आपल्याकडे संध्याकाळी विजेचा दाब २३० व्होल्टवरून २०० पर्यंत उतरला तर १६०० वॉटची कांडी १२०० च्याच आसपास उष्णता देते, कारण वॉट दाबाच्या वर्गावर घटतात. मग ओव्हन १८० गाठायला दीडपट वेळ घेतो. पावडरीचं काम दुपारी करा. जहाजावर असणाऱ्या कुणी अमेरिकेतून १२० व्होल्टचा ओव्हन आणला असेल तर तो आपल्या सॉकेटवर थेट लावायचा नाही. त्याला लागणारा दोन किलोवॉटचा ट्रान्सफॉर्मर घेण्यात बचत उरत नाही.

जुना ओटीजी घ्यायला गोवा चांगली जागा आहे, कारण इथे नाताळासाठी घराघरांत तो असतो. पण एक तपासणी चुकवू नका. बेबिंक हा नाताळचा गोड पदार्थ थरांवर थर वरच्या धगीने भाजतात. त्यामुळे खालची कांडी मेलेला ओव्हनही त्या घरात वर्षानुवर्षं ‘व्यवस्थित’ चाललेला असतो. दोन्ही कांड्या वेगवेगळ्या लावून बघा, पाच मिनिटांत दोन्हींची धग हाताला लागली पाहिजे. दाराची स्प्रिंग सैल आहे का, काच नीट बसते का, तेही बघा.

पावसाळा संपल्यावर ओव्हन पहिल्यांदा लावला की ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, ही इथली नेहमीची तक्रार. कांडीच्या पोलादी नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती हवेतला ओलावा शोषते. मग करंट बॉडीकडे गळतो. यावर अर्थची वायर काढून टाकणारे वायरमन असतात. त्यांना ते करू देऊ नका, गळणारा करंट मग तुमच्या हातातून जाईल. कांड्या काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवल्या की कधीकधी गळती थांबते. नाही थांबली तर कांडी बदला, ती महाग नसते. आणि जून ते सप्टेंबर ओव्हन महिनोन् महिने बंद ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा १०० अंशांवर अर्धा तास चालवा.

पावडरीचाही शत्रू ओलावाच. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि काम झालं की लगेच बंद. गुठळ्या झाल्या तर बारीक चाळणीतून चाळून घ्या. तरीही चिकट वाटली तर टाकून द्या. औद्योगिक वसाहतींत अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना पावडर कोटिंग करणाऱ्यांकडे उरलेली अर्धा-पाऊण किलो पावडर मिळू शकते. विचारताना ‘बाहेरच्या वापराची, शुद्ध पॉलिएस्टर’ असंच विचारा. इपॉक्सी चिवट असते, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी पांढरट पूड येते.

चढवण्याची कृती थोडक्यात. शिसं ओतल्यावर शक्यतो त्याच दिवशी कोटिंग करा. जिग अॅसिटोनने पुसा, नंतर हात लावू नका. उघडे जिग आधी २०० अंशांत पंधरा मिनिटं तापवून घ्या. त्यातच आतली हवा आणि ओलावा निघून जातो, नाहीतर नंतर कवचावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. मत्स्यालयाच्या हवेच्या पंपावर फुगवलेल्या पावडरीच्या पेल्यात गरम जिग एक-दोन सेकंद फिरवून काढा. पावडर लगेच चकाकली पाहिजे. पीठ लावल्यासारखी कोरडी दिसली तर जिग थंड होता. थेंब लोंबला तर फार गरम होता किंवा फार वेळ बुडाला. नाकावरची दोरा बांधायची कडी पावडर मऊ असतानाच टाचणीने मोकळी करा, पिकल्यावर तिथे ड्रिल लागतं. मग ओव्हनमध्ये, शिशाने १७५ गाठल्यापासून पंधरा ते वीस मिनिटं.

पिकलं की नाही ते थंड झाल्यावर बघायचं. कापसाच्या काडीला अॅसिटोन लावून पंचवीस वेळा घासा. चमक किंचित कमी झाली तर हरकत नाही. रंग कापसावर उतरला तर कच्चं आहे, परत दहा मिनिटं भाजा, काही बिघडत नाही. मग एक जिग हातोडीने चपटा करा. कवच शिशाबरोबर पसरलं पाहिजे. अॅसिटोनला टिकलं पण हातोडीने कपचे उडाले, तर भाजण्याचा दोष नाही. शिशावर बोटांचं तेल किंवा जुना करडा थर राहिला होता.

आणि ज्या ओव्हनमध्ये एकदा शिसं गेलं, त्यात पुन्हा केक, पाव, मासळी काहीही नाही. धुऊनही नाही. दारावर लाल रंगाने ‘शिसं’ असं मोठं लिहा, म्हणजे घरातल्या कामवाल्या बाईंनाही शंका राहणार नाही. तो स्वयंपाकघरात ठेवू नका. बल्कांवात (पुढच्या ओसरीत) किंवा मागच्या पडवीत ठेवा, वारा सरळ दारावर येणार नाही अशा कोपऱ्यात. मुलं आणि कुत्री जवळ नकोत. पावडर उडवताना एन-९५ मास्क हवा आणि आसपास गॅसची ज्योत किंवा उदबत्तीसुद्धा नको. हवेत तरंगणारी ही भुकटी पिठासारखी पेट घेते. काम झालं की साबणाने हात, मगच चहा. ओल्या फडक्याने टेबल पुसून ते फडकं घरच्या कपड्यांत न टाकता वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.