जगरनॉट, दोनशे पिक्सेलमध्ये

स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वर्कशॉप विभागात डोटा २ या लढाईच्या खेळासाठी चाहत्यांनी केलेल्या वस्तू आणि चित्रं मतांसाठी मांडलेली असतात. पानावर ओळीने चौकटी, आणि बघणारा भराभर खाली सरकत असतो. चित्रावर कितीही रात्री घालवलेल्या असोत, त्याला आधी दिसतं ते थंबनेल, म्हणजे चित्राची छोटी प्रत. तिथे नजर थांबली तरच तो आत येतो. म्हणून डोटातल्या जगरनॉट या नायकाची लोडिंग स्क्रीन, म्हणजे सामना सुरू होईपर्यंत पडद्यावर राहणारं आडवं चित्र, पूर्ण झाल्यावर थंबनेलसाठी मी वेगळा वेळ काढला. मोठं चित्र नुसतं आकसून द्यायचं नाही, हे दुसरं चित्र समजून नव्याने मांडायचं, असं आधीच ठरवलं होतं.

यामागे एक साधा हिशेब आहे. माझं मूळ चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं. यादीत ते जेमतेम दोनशे पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे जवळपास वीसपट लहान. मुखवट्यावरची डोळ्याची फट मूळ चित्रात वीस पिक्सेल जाड असेल, तर इथे तिच्या वाट्याला एकच पिक्सेल येतो. कपड्यावरची वीण, तलवारीच्या मुठीवरचं कोरीवकाम, केसांच्या बटा, हे सगळं मिसळून एक करडा थर होतो. ज्या बारकाव्यांवर आपण जीव टाकलेला असतो, तेच लहान आकारात चित्र मळकट करतात.

रस्ता मला खेळातच सापडला. डोटा २ मध्ये कॅमेरा वरून, लांबून बघतो. पडद्यावर नायक आधीच लहान असतात, आणि दहा जण एकमेकांवर तुटून पडलेले असताना कोण कुठे आहे हे क्षणात कळावं लागतं. खेळ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने बाहेरच्या कलाकारांसाठी पात्ररचनेचं जे मार्गदर्शक दिलंय, त्याचा सगळा भर यावर आहे: नायक नुसत्या सिल्हूटवरून, म्हणजे बाहेरच्या आकृतीवरून, ओळखू यावा, पायाकडे गडद आणि डोक्या-छातीकडे उजळ अशी छटा चढत जावी, आणि तपशिलाच्या जागांइतक्याच शांत, मोकळ्या जागा असाव्यात. हे नियम त्रिमितीय मॉडेलसाठी लिहिलेत. पण थंबनेलसाठी याहून चांगलं मार्गदर्शन मला कुठेच मिळालं नाही. ज्यांनी तो खेळ शेकडो तास खेळलाय त्यांच्या डोळ्यांना याच खुणांची सवय असते.

जगरनॉट या बाबतीत फार मोलाचा नायक. त्याच्या कथेनुसार युर्नेरोच्या, म्हणजे जगरनॉटच्याच, मुखवट्यामागचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही. चेहराच नसल्यामुळे हावभावांचं ओझं नाही. मुखवटा, मागे उडणारे केस आणि तलवार, या तीन गोष्टी सांभाळल्या की तो उभा राहतो.

काम क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. मूळ फाइलमध्ये पार्श्वभूमी, शरीर, तलवार, ठिणग्या आणि हीलिंग वॉर्डचा (जखमा भरून काढणाऱ्या त्याच्या जादूच्या वस्तूचा) उजेड असे लेयर, म्हणजे एकावर एक थर, सुटे ठेवले होते, त्यामुळे थंबनेलच्या प्रतीत सगळं हलवता आलं. मोठ्या चित्रात तो डावीकडे उभा आहे आणि तलवारीचं टोक थेट उजव्या कडेपर्यंत जातं. त्या रुंदीत ते छान दिसतं. इथे मात्र मी त्याला कंबरेपासून वर घेतलं, मुखवटा मोठा केला आणि तलवार त्याच्या खांद्यामागून तिरकी वर आणली. यादी कुठे आडवी चौकट दाखवते, कुठे बाजूंनी कापून चौरस करते, म्हणून मुखवटा आणि तलवारीचं पातं दोन्ही मधल्या चौरसात बसतील असं पाहिलं. कडांना जे राहील ते कापलं गेलं तरी चालेल असंच ठेवलं.

मग सगळं काळ्या रंगाने भरून नुसती बाहेरची आकृती पाहिली. केस आणि खांद्याचं कवच एकमेकांत मिसळत होतं, तिथे फट पाडली. केसांचा झुपका जरा उंच घेतला. सबंध कामात सर्वांत जास्त वेळ मी या काळ्या आकृतीला दिला, आणि माझ्या मते तो तिथेच द्यावा. सिल्हूट बोललं नाही तर पुढे कितीही रंग चढवा, तो नायक अनोळखीच राहतो.

विंडो मेनूतून त्याच फाइलचं दुसरं दृश्य उघडून ते कोपऱ्यात अगदी लहान झूमवर ठेवलं. ब्रश मोठ्या खिडकीत फिरवायचा आणि लक्ष लहान खिडकीवर ठेवायचं. सर्वांत वर रंग काढून टाकणारा फिल्टर लेयर ठेवला आणि तो अधूनमधून चालू करत राहिले. करड्या छटांमध्ये मुखवटा सर्वांत उजळ, पार्श्वभूमी मधली आणि शरीर गडद, एवढे तीनच टप्पे मी राहू दिले. ब्लेड फ्युरीची, म्हणजे तलवारीसह गरगर फिरण्याच्या त्याच्या हल्ल्याची, मूळ चित्रातली चार-पाच वर्तुळं होती, त्यातली एकच कमान ठेवली. कापडावरची नक्षी सपाट रंगाने झाकली.

आमच्या घरी जुने दिवाळी अंक जपून ठेवलेत. दीनानाथ दलाल आणि मुळगावकर यांची मुखपृष्ठं मी लहानपणापासून बघत आलेय. रस्त्यावरच्या स्टॉलवर शंभर अंकांच्या गर्दीत टांगलेला अंक पलीकडच्या फुटपाथवरून दिसायला हवा, हे भान त्या चित्रांत आहे: एक चेहरा, मागे मोकळा रंग, ठसठशीत कड. थंबनेल करताना ती मुखपृष्ठं मला पुन्हा काढून बघावीशी वाटली, आणि बघितलीही.

रंगाचा प्रश्न पानामुळे आला. स्टीमचं पान गडद निळसर असतं. माझी पार्श्वभूमीही रात्रीची निळी होती, त्यामुळे चित्राच्या कडा पानात विरून जात होत्या आणि चौकटच दिसत नव्हती. यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यात इतरांच्या चित्रांमध्ये माझं थंबनेल चिकटवून पाहिलं तेव्हा हे स्पष्ट दिसलं. पार्श्वभूमी पहाटेच्या फिकट हिरवट-निळ्याकडे नेली. त्यावर कवचाचा नारिंगी रंग उठून आला. असा स्क्रीनशॉट प्रत्येकाने घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. रिकाम्या पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक चित्र चांगलंच दिसतं.

मावसभाऊ डोटा खेळतो. त्याच्यासमोर हातभर अंतरावर फोन धरला, पटकन दाखवला आणि काढून घेतला.

"ताई, जगरनॉट आहे. पण मागे ते हिरवं काय होतं?"

ते हिरवं म्हणजे हीलिंग वॉर्डचा उजेड. खेळणाऱ्यालासुद्धा विचारावं लागलं, म्हणजे एवढ्याशा जागेत त्याला स्थान नाही. काढून टाकला. आईला हा खेळ माहीत नाही, म्हणून नंतर तिला दाखवलं. "मुखवटा घातलेला कुणीतरी तलवार उगारतोय," ती म्हणाली. मला एवढंच हवं होतं. खेळणाऱ्याला नाव कळावं आणि न खेळणाऱ्याला निदान काय चाललंय ते कळावं.

ठिणग्यांबद्दल जरा थांबून सांगते. पात्यावर जळत्या ठिणग्या टाकल्या असत्या तर थंबनेल नक्कीच झगमगलं असतं. पण मूळ चित्रात पात्यावर तशी आग नाही. यादीत दाखवायचं एक आणि आत गेल्यावर द्यायचं दुसरं, हे मला पटत नाही. मत देणारा विश्वासाने आत येतो. मांडणी बदलावी, पसारा कमी करावा, पण जे केलेलंच नाही ते दाखवू नये. खेळाचा अधिकृत लोगोही मी घेतला नाही. आपलं काम कंपनीचं आहे असा भास व्हायला नको, आणि तसंही वर्कशॉपच्या पानावर खेळाचं नाव असतंच. चित्राचं नावही आत लिहिलं नाही. दोनशे पिक्सेलमध्ये अक्षरं वाचता येत नाहीत, नुसती जागा खातात.

शेवटचा टप्पा अनेक जण घाईत उरकतात. लहान केल्यावर चित्र थोडं मऊ होतं, म्हणून त्या आकारात पुन्हा ब्रश घ्यावा लागतो. मुखवट्याच्या फटी मी लहान प्रतीत एकेका पिक्सेलने गडद केल्या आणि पात्याच्या कडेवर एक उजळ रेघ ओढली. सगळ्या चित्राला शार्पन लावलं असतं तर केसांभोवती पांढरी किनार आली असती, म्हणून हवं तिथेच हाताने केलं. चित्र एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाण रंग-प्रोफाइलमध्ये बदलून घेतलं, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर नारिंगी फिका पडतो. जेपेग करताना रंगाची माहिती कमी करणारं सबसॅम्पलिंग बंद ठेवलं. ते चालू असलं की लाल-नारिंगी कडा गडद रंगात पसरल्यासारख्या दिसतात, आणि माझ्या चित्रात नेमक्या त्याच कडा महत्त्वाच्या होत्या. स्टीमला प्रीव्ह्यूची फाइल १ एमबीच्या आत लागते. चांगल्या दर्जाचं जेपेगही त्यात आरामात बसलं. जिफ चालतं, पण त्यात एका फ्रेमला २५६ रंगच मिळतात आणि पहाटेच्या आकाशात पट्टे उमटतात, म्हणून हलतं चित्र करण्याचा विचार सोडला.

नोंद टाकली. आता क्रिस्टल मेडन या बर्फाची जादू करणाऱ्या नायिकेची लोडिंग स्क्रीन हातात घेतलीय, आणि या वेळी दोनशे पिक्सेलचं कच्चं चित्र आधी काढलं, मोठं त्यावरून वाढवतेय. ती अंगभर निळी आणि पानही निळसर, त्यामुळे हिची गाठ जास्त अवघड आहे. सध्या तिच्या मागे उन्हात चमकणारा बर्फ ठेवून बघतेय. झग्याची बाहेरची कड छान सुटते, पण काठीचं टोक अजून बर्फात हरवतंय.