निफाडच्या थंडीत ऐकलेला आवाज

नाना पहिल्यांदा माझ्या गॅरेजला गाडी घेऊन आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तक्रार एकच: सकाळी गाडी सुरू केली की इंजिन काही वेळ आवाज करतं. निफाडहून नाशिकपर्यंत ३५-४० किलोमीटर चालून आलेलं इंजिन, चांगलं तापलेलं. मी बॉनेट उघडलं, कान लावला, दोनदा रेझ केलं. घड्याळासारखं चालत होतं.

"नाना, काही नाही. जुनी गाडी आहे, एवढा आवाज नॉर्मल."

"अहो मिस्तरी, पण आत्ता आवाज आहे कुठे?"

हे खरं होतं. जो आवाज मी ऐकलाच नव्हता त्याला मी नॉर्मल म्हणून मोकळा झालो होतो. पुढच्या महिन्यात परत आले, परत तेच.

गाडी २००५ सालची सेदान. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण २० व्हॉल्व, १५० अश्वशक्ती. द्राक्षाला भाव मिळालेल्या एका वर्षी नानांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. गावात लोक ट्रॅक्टर बदलतात, नानांनी हौस केली. एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं होतं की व्हॉल्व दाबणारे टॅपेट गेलेत, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवावा लागेल. दुसऱ्याने चेनचा टेन्शनर सांगितला. दोघांचे खर्चाचे आकडे ऐकून ते माझ्याकडे आले होते.

तिसऱ्या खेपेला त्यांनी फवारणीची वही काढली. द्राक्षवाल्याची वही म्हणजे काय असते ते आमच्या भागात सांगायला नको. कुठलं औषध, किती लिटर पाणी, पाऊस कधी. त्यातच मागच्या पानांवर गाडीची नोंद होती. तारीख, बागेतल्या थर्मामीटरचं तापमान, आवाज किती वेळ. १४ अंशाला दोन मिनिटं. ९ अंशाला चार. ६ अंशाला सहाच्या वर. एप्रिलच्या रकान्यात नुसत्या रेघा. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण गिऱ्हाइकाने असा कागद कधी आणून दिला नव्हता. मला जरा लाजच वाटली. म्हटलं, नाना, आज रात्री तुमच्याकडे मुक्कामाला येतो.

निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा जानेवारीत पेपरात येतो. पहाटे साडेपाचला उठलो तेव्हा शेजारच्या बागेत शेकोट्या पेटल्या होत्या. तयार मण्यांना थंडीने तडे जातात, म्हणून लोक धूर करतात आणि पहाटे ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. काकूंनी चहा दिला, तो हातात धरूनच गाडीपाशी गेलो. थर्मामीटर ६ दाखवत होता.

मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि नानांना सेल्फ मारायला सांगितलं.

आवाज एक नव्हता, दोन होते. हे गॅरेजमध्ये शंभर वर्षं उभा राहिलो असतो तरी कळलं नसतं. पहिला खळखळ, डब्यात खिळे हलवावे तसा, तीन सेकंद, आणि गायब. तो संपतो न संपतो तोच दुसरा ठळक व्हायला लागला. टिक-टिक-टिक, इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारा. नानांना त्रास होता तो याचाच.

टॅपेटचा आवाज असता तर वरच्या कव्हरवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की तो कानात टोचला असता. तिथे शांत. मग एक हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाशी, दुसरं इंजिनच्या मागे फिरवत नेलं. या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ, आणि टर्बो मागे, केबिनच्या बाजूला असतात. हात जेमतेम जातो. गिअरबॉक्सच्या बाजूच्या शेवटच्या सिलिंडरपाशी नळी गेली आणि टिकटिकीचं 'फस-फस' झालं.

टॉर्च मारला. उजेडात पांढरी वाफ दिसली. एकेका टिकटिकीबरोबर एकेक छोटा भपका, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यातून. एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ असतेच, ती थंड हवेत गोठल्यासारखी दिसत होती. नाशिकला दुपारी हे दिसलंच नसतं. खात्रीसाठी त्या सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा सॉकेट दोन-तीन सेकंद काढला. त्यात स्फोटच होईना, तशी टिकटिक विझल्यासारखी झाली. लगेच परत लावला, कारण जास्त वेळ तसं चालवलं तर कच्चं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. सहा मिनिटांनी लोखंड तापलं, फुगलं, सांधा आपोआप मिटला आणि आवाज गेला. नानांची वही हेच सांगत होती.

गाडी गॅरेजला आणून मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला तेव्हा मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारा शेवटचा स्टड तुटलेला निघाला, भोवती काजळीचा काळा पट्टा. तुटका तुकडा हेडच्या आत. हेड अॅल्युमिनियमचं, त्यात ड्रिल सरकलं तर खेळ खलास. आमच्या वेल्डरने तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारलं, त्या तापाने स्टड ढिला झाला आणि पान्याने हळूच फिरून आला. हे एका वाक्यात लिहिलं, प्रत्यक्षात अर्धा दिवस आणि तीन नट गेले. नवे स्टड, नवं पॅकिंग.

राहिली खळखळ. या इंजिनात टायमिंगचा पट्टा एक्झॉस्टचा कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, फिरवतो, आणि तिथून छोटी चेन इनटेकचा कॅम फिरवते. ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो; दाब येईपर्यंत चेन सैल वाजते. म्हणून विचारलं, ऑइल कोणतं घालता? २०डब्ल्यू-५०. कुणीतरी सांगितलं होतं, जुनी गाडी, घट्ट ऑइल घाला. आमच्या धंद्यातला हा लाडका सल्ला आहे. यातला डब्ल्यू विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा जितका मोठा तितकं ऑइल थंडीत घट्ट. सहा अंशाला ते काकवीसारखं वर चढत असणार.

ऑइल वर जाताना कुठे अडतंय का ते पाहायला इंजिनखालचा ऑइल चेंबर उतरवायचा ठरवला. गिअरबॉक्सकडच्या दोन बोल्टांनी नेहमीप्रमाणे बोटं सोलली. आत पंपाच्या जाळीचा निम्मा भाग जळक्या ऑइलच्या पापुद्र्यांनी बुजलेला. जाळी बदलली, फिल्टर बदलला, ५डब्ल्यू-४० भरलं, प्रेशर गेज लावून थंड आणि गरम दोन्ही दाब पाहिले, ठीक होते. चेनखालचे पॅड झिजले होते, पण तुटलेले नव्हते. नानांना स्पष्ट सांगितलं, टेन्शनर कधीतरी लागेल, आज नाही लागत. पट्टा बदलायची वेळ येईल तेव्हा एकदमच करू.

पुढच्या आठवड्यात मोबाईलवर वहीच्या पानाचा फोटो आला. तापमान ७. आवाजाच्या रकान्यात 'अर्धा सेकंद', आणि त्याच्या पुढे पेन्सिलने: 'मिस्तरी नॉर्मल म्हणतात'.