जुनं वाफेचं मॉडेल इंजिन घरी चालू केलं, माझा अनुभव

काकांकडे कित्येक वर्षं खोक्यात पडून असलेलं मॅमॉडचं वाफेचं इंजिन माझ्याकडे आलं, म्हणजे मीच मागून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मॅमॉड ही इंग्लंडमधली वाफेची खेळणी बनवणारी कंपनी, १९३७ साली जेफ्री मॅलिन्स यांनी सुरू केलेली. म्हणायला खेळणं, पण आत सगळं खरं असतं. आडवा पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, वर सेफ्टी व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की आपोआप उघडणारी झडप), शिट्टी आणि बाजूला फ्लायव्हीलला म्हणजे जड चाकाला जोडलेला छोटा सिलिंडर. पाणी उकळतं, वाफ होते, चाक फिरतं.

माझं फिरत नव्हतं. हाताने ढकललं तरी अर्ध्या फेरीत अडकायचं. बॉयलर काळपट हिरवा पडला होता, सेफ्टी व्हॉल्व्ह चिकटून बसला होता आणि दिव्याच्या वातींचा नुसता कोळसा झाला होता. बघणाऱ्याला वाटावं की हे गेलं कामातून. पण अशा इंजिनात मोडणारं फार काही नसतंच हो, बहुतेक वेळा वाफ कुठूनतरी निसटत असते नाहीतर कुठेतरी घाण अडकलेली असते, आणि ती जागा शोधणं हेच खरं काम. रंग, पॉलिश वगैरे सगळं नंतर. मी हे आधीच सांगतोय कारण बरेच जण इंजिन हातात आलं की पहिलं पितळ घासायला घेतात.

सुरुवात बॉयलरपासून, त्याला पर्याय नाही. या बॉयलरचे सगळे जोड मऊ डाखाचे असतात, म्हणजे कथिल-शिशाचं सोल्डर, आणि ते साधारण १८३ ते १९० अंशाला वितळतं. आत पाणी असेपर्यंत काळजी नसते, कारण बाहेरच्या हवेपेक्षा १ बार (बार हे दाबाचं माप) जास्त प्रेशरची वाफ १२० अंशाच्या आसपासच असते, पाणी बॉयलरला त्याच्या वर जाऊच देत नाही. पण पाणी संपलं आणि खाली दिवा जळत राहिला की तापमान झरझर वर जातं आणि डाख सुटतो. म्हणून जुनं इंजिन घेताना बॉयलरचं पोट आणि दोन्ही टोकं उजेडात धरून बघायची, ओघळलेल्या सोल्डरचे थेंब किंवा निळसर जांभळा डाग दिसला की समजायचं हा कधीतरी कोरडा जळलाय. माझा तसा नव्हता, हे बघितल्यावर माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

सेफ्टी व्हॉल्व्ह काढणं हे चिकाटीचं काम. पितळेचे आटे फार मऊ असतात, पक्कड लावून जोर केला की एकतर आटे जातात नाहीतर षटकोनाचे कोपरे गोल होतात. मी आट्यांच्या कडेला गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं, मग कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, परत तेल, परत पाणी, असं आरामात चालू ठेवलं आणि नेमक्या मापाचा पाना घेऊन मध्येमध्ये जरासा हलवून बघत राहिलो. एकदाचा कुर्र आवाज झाला आणि सुटला. खालचं फायबरचं वायसर भुकटी होऊन बाहेर आलं. इथे एक सांगायलाच हवं, जुन्या इंजिनांत कुठेकुठे ॲसबेस्टॉसची दोरी किंवा पुठ्ठा वापरलेला असतो, तसं करडं तंतुमय काही दिसलं तर कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून, मास्क लावून काढायचं आणि पिशवीत बांधून वेगळं ठेवायचं. जुन्या रंगाचंही तेच, त्यात शिसं असू शकतं.

आतला क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी वापरलं. थोडा वेळ ठेवायचं, ओतायचं, बघायचं, परत. पांढऱ्या कपच्या बाहेर येत होत्या. रात्रभर मात्र ठेवायचं नाही, ॲसिड पितळेतलं जस्त खातं आणि पृष्ठभागावर तांबं उरतं, मग बॉयलर गुलाबी दिसायला लागतो आणि तेवढी धातू कमजोर होते. शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुतलं.

मग आली प्रेशर टेस्ट. ही लोक टाळतात आणि मला ते अजिबात पटत नाही. टेस्ट पाण्याने करायची, हवेने कधीच नाही. कारण पाणी दाबलं जात नाही, जोड सुटला तर चार थेंब उडतील आणि प्रेशर लगेच शून्यावर येईल, पण दाबलेली हवा किंवा वाफ असेल तर ती एकदम पसरते, पाण्याची वाफ होताना तिचा आकार साधारण १६०० पट होतो हे लक्षात घ्या. मॉडेलवाल्यांची सर्वसाधारण पद्धत म्हणजे नव्या बॉयलरला कामाच्या दुप्पट प्रेशर आणि नंतरच्या तपासण्यांना दीडपट. मी बॉयलर काठोकाठ भरला, हवेचा एकही बुडबुडा राहू नये म्हणून तिरका करून टिचक्या मारल्या, शिट्टीच्या जागी बूच लावलं, वाफ जिथून सिलिंडरला जाते ते भोक रबर ठेवून छोट्या क्लॅम्पने दाबलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी गेज म्हणजे प्रेशर दाखवणारा काटा असलेला हातपंप जोडला. काटा चढला आणि हळूहळू खाली यायला लागला. टिश्यू पेपर घेऊन एकेक जोड टिपत गेलो तर वाफेची नळी बॉयलरमधून बाहेर येते तिथे कागद ओला झाला. केसाएवढी फट, डोळ्यांना दिसतच नव्हती.

ती फट बुजवताना एकच धोका होता, एका जोडाला उष्णता दिली की शेजारचा वितळतो. म्हणून बॉयलरला ओलं फडकं गुंडाळून फक्त तो जोड उघडा ठेवला, घासून चकचकीत केला, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावला आणि जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने डाख दिला. सोल्डर फटीत आपोआप ओढलं गेलं की समजायचं जोड स्वच्छ होता, गोळा होऊन वर बसलं तर परत घासा. सिल्व्हर सोल्डरचा म्हणजे चांदीच्या कडक डाखाचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याला ६०० अंशाच्या वर तापमान लागतं, तोपर्यंत बाकीचा बॉयलर सुटा होऊन हातात येईल. परत टेस्ट केली, काटा जागेवर थांबला.

आता सिलिंडर, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. या इंजिनात वेगळा व्हॉल्व्ह नसतो, सिलिंडर स्वतःच एका खिळीवर डुलतो आणि डुलताना त्याच्यावरचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर आणि एकदा बाहेर सोडायच्या भोकासमोर येतं. म्हणजे दोन सपाट पितळी तोंडं एकमेकांवर घासत असतात आणि मागची स्प्रिंग त्यांना दाबून धरते. ही तोंडं सपाट नसली की वाफ पिस्टनला ढकलायच्या आधीच मधून पसार होते. मी सिलिंडरच्या तोंडावर मार्करने काळा रंग फासला, जाड सपाट काचेवर १२०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) पाणी लावून चिकटवला आणि त्यावर मराठी चारच्या आकड्यासारखा हात फिरवत अगदी हलक्या हाताने घासलं. उचलून बघितलं तर कडांचं काळं गेलेलं आणि भोकाभोवती तसंच. म्हणजे नेमकं जिथे बंद व्हायला हवं तिथेच खोलगट! सगळं काळं एकसारखं जाईपर्यंत घासलं, समोरच्या तोंडालाही तसंच केलं आणि शेवटी रॉकेलने दोन्ही इतकं धुतलं की कापडावर डाग येईना, कारण घासणीचा कण पितळेत रुतून राहिला तर तो पुढे आयुष्यभर घासत राहतो.

जोडल्यावर तपासायची सोपी युक्ती म्हणजे बॉयलरला जोडायच्या आधी सिलिंडरकडे जाणाऱ्या भोकाला मऊ रबरी नळी लावून तोंडाने फुंकायचं. तोंडं नीट बसली असतील तर माणसाच्या फुंकरीवरही इंजिन फिरतं. आमची छोटी फुंकत होती, मी चाकाला बोट लावलं आणि ते टकटकटक करत फिरायलाच लागलं, ती फुंकायची थांबेचना!

वाती नवीन भरल्या, फार ठासून भरायच्या नाहीत नाहीतर स्पिरिट वर चढत नाही. ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही म्हणून दिवा पेटवताना खोली थोडी अंधारी ठेवली, आणि पेटलेल्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट भरायचं नाही म्हणजे नाही. बॉयलर पाऊण भरला, डिस्टिल्ड पाणी, तेही गरम, म्हणजे स्पिरिट वाचतं. सेफ्टी व्हॉल्व्ह नवीन घेतला, जुन्याची स्प्रिंग कुठल्या प्रेशरला उघडेल याची खात्री नाही आणि तिथे काटकसर करायची नसते. सिलिंडरला स्टीम ऑइल, हे जाड असतं आणि ओल्या वाफेतही धातूला धरून राहतं, शिलाई मशीनचं तेल गरम पाण्याने धुऊन जातं.

पहिल्यांदा तापल्यावर चाक ढकललं तर नुसतं पाणी थुंकलं, सिलिंडर थंड असतो म्हणून वाफेचं आतच पाणी होतं. परत ढकललं, परत थुंकलं, मग सिलिंडर तापला आणि ते सुटलं, इतक्या वेगात की चाकाच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. गरम तेलाचा आणि वाफेचा तो वास मला फार म्हणजे फार आवडला.

मूळ रंग आणि कंपनीचं चिन्ह मी तसंच ठेवलंय, फक्त साबणाच्या पाण्याने पुसून मेण लावलं. पोपडे आहेत, असू देत, मूळ रंग एकदा गेला की परत मिळत नाही. बंद करताना दिवा विझवून प्रेशर उतरू द्यायचं आणि मग शिट्टी उघडी ठेवायची, नाहीतर बॉयलर थंड होताना आत व्हॅक्यूम होऊन सिलिंडरमधलं तेल बॉयलरमध्ये ओढलं जातं. पाणी कोमट असतानाच ओतून टाकायचं. शिट्टी अजून जराशी फुसफुसते, आतली गोळी बसते ती जागा खरखरीत झालीये, या सुट्टीत ती उघडणार आहे.