बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये भेटलेले घोंगडीवाले काका

आज संध्याकाळी अर्बन हाटला, म्हणजे इथल्या हस्तकलेच्या बाजाराला, गेले होते. साताऱ्याकडचे एक काका घोंगड्या घेऊन बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. रंग कोणता वापरता विचारलं, तर म्हणाले, "रंग कसला ताई, मेंढीच काळी हाय." दख्खनी मेंढीची लोकर ती.

सूत घरची मंडळी कातते, सून पिंजायला हात लावते, माग काका चालवतात. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ चिंचोक्यांची: चिंचोके भिजवून, वाटून, शिजवायचे आणि कुंच्याने सुतावर चढवायचे. त्यांची बोटं बघितली, टोकं झिजून गुळगुळीत झालेली. नव्या घोंगडीला अजून त्या खळीचा वास होता, हात लावला की टोचते, पण पाठ दुखणाऱ्याला हीच बरी, असं आजी सांगायची.

आषाढी वारीत मात्र माग बंद. "पोटाचं इठ्ठल बघतो, पोरांचं आमी बघतो," हे इतक्या सहज बोलले की मला पुढे काही विचारवेना.

शेजारी एक बाई किमतीवरून हुज्जत घालत होत्या. फार वाईट वाटलं. अख्ख्या घराची मेहनत आहे हो त्यात! नवी मुंबईकरांनो, जाल तर घोंगडी घ्या आणि भाव पाडू नका.