डिस्क फुल्ल, पण फाईल सापडेना

परवा रविवारी रात्री ताटावर बसणार एवढ्यात सरांचा फोन आला. "काय गा, जेवलास काय? बघ की जरा, साईट उघडेना झालीय, निपाणीची माणसं मघापासून फोन करालेत."

सर आणि बाई दोघंही शाळेतून रिटायर झालेले, गेली सहा वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजची स्थळं एका वेबसाईटवर लावतात, कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. साईट मी बांधली आणि मीच सांभाळतो. त्यामुळे ती बंद पडली की मला जेवण जात नाही, खरंच.

बाहेर पाऊस नुसता ओतत होता, टिळकवाडीत संध्याकाळपासून करंट नाही, इन्व्हर्टरही बसला आणि त्याच्याबरोबर राऊटर, मग मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बेंगळूरच्या सर्व्हरवर शिरलो. ब्राउझरमध्ये डेटाबेसशी कनेक्शन होत नाही एवढाच निरोप. डीएफ, म्हणजे डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड मारली तर डिस्क १०० टक्के भरलेली. पंचवीस जीबीची डिस्क, आणि डीयू ह्या फाईलींची जागा मोजणाऱ्या कमांडनं सगळे फोल्डर मोजले तर बेरीज जेमतेम अकरा. मग बाकीचे चौदा जीबी गेले कुठं? अर्धा तास मी हेच शोधत होतो, फोल्डरमागून फोल्डर, आणि आई आतून ओरडतेय की आमटी गार झाली.

कारण मीच होतो. आठवड्यापूर्वी एक लॉग फाईल, म्हणजे काय काय घडलं ते प्रोग्रॅम लिहीत जातो ती फाईल, फुगलेली दिसली म्हणून सरळ आरएम ह्या डिलीटच्या कमांडनं उडवली होती. पण सर्व्हर ज्याच्यावर चालतो त्या लिनक्समध्ये फाईल उडवली म्हणजे तिचं नाव गेलं, जो प्रोग्रॅम ती उघडून बसलाय तो तिला सोडेपर्यंत जागा काही सुटत नाही, तो त्या बिननावाच्या फाईलमध्ये लिहितच राहतो. डीयूला ती दिसत नाही, डीएफला दिसते. कुठला प्रोग्रॅम कुठली फाईल उघडून बसलाय ते दाखवणारी एलएसओएफ कमांड चालवून डिलीटेड लिहिलेल्या फाईली बघितल्या तेव्हा ती सापडली, चौदा जीबीची. तो प्रोग्रॅम रिस्टार्ट केला आणि एका सेकंदात डिस्क रिकामी. तेव्हापासून चालू लॉग मी उडवत नाही, ट्रंकेट करतो, म्हणजे फाईल तशीच ठेवून आतला मजकूर शून्यावर आणतो, आणि जुने लॉग आपोआप बाजूला काढणारा लॉगरोटेट आता नीट बसवलाय. मायएसक्यूएल ह्या साईटच्या डेटाबेसचंही सांगतो, डिस्क भरली म्हणून ते लगेच मरत नाही, लिहायला जागा मिळायची वाट बघत थांबतं, आणि तोवर मागे कनेक्शनं साचत जातात, डिफॉल्ट मर्यादा १५१ ची, ती भरली की येणाऱ्या प्रत्येकाला दार बंद. लॉग एवढा फुगला कशानं? दिवसरात्र लॉगिनच्या पानावर पासवर्ड आपटणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. आपली साईट लहान आहे, आपल्याकडं कोण येतंय असं कुणी म्हणू नका, बॉटला लहानमोठं काही नसतं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते ह्या डिस्कनं नाही, एका ऱ नं.

बाईंनी एकदा सांगितलं, "अरे, शेतकऱ्याचा मुलगा असं शोधलं तर चारच स्थळं येतात, मी स्वतः चाळीस तरी भरलीत की." मी स्क्रीनवर बघितलं, दोन्हीकडं शब्द अगदी सारखा, काना-मात्रेचा फरक नाही. मग आतले कोड काढून बघितले. बाईंच्या मोबाईलवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर येत होतं, युनिकोड ह्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीतलं ०९३१, त्याला हलंत आणि पुढं य. सरांच्या कॉम्प्युटरवरून साधा र, हलंत, मग डोळ्याला न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि मग य. दिसायला एक, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. आता शेतकऱ्याचा, नवऱ्या मुलाचे, वऱ्हाड, कुऱ्हाडे आडनाव, लग्नाच्या साईटवर हे असलेच शब्द! म्हणजे एखाद्या मुलीचं स्थळ वर्षभर साईटवर आहे आणि शोधणाऱ्याला ते कधी दिसलंच नाही असं झालं असणार, ह्या विचारानं मला फार वाईट वाटलं. आता सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडं एकच रूप करून घेतो, जुन्या सगळ्या नोंदीही एका स्क्रिप्टनं बदलल्या, बदलायच्या आधी बॅकअप घेऊन. इंग्रजीतल्या कुठल्याही ट्युटोरियलमध्ये हे मला मिळालं नाही, म्हणून इथं मुद्दाम सविस्तर लिहितोय, मराठी साईट बनवणाऱ्यांनी हे तपासाच.

बाकी छोट्या गोष्टी पुष्कळ. क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, रात्री दोनचा बॅकअप लावला होता, सर्व्हरचं घड्याळ यूटीसी ह्या जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्याकडं सकाळी साडेसात, नेमकं बाई चहा घेऊन स्थळं भरायला बसतात तेव्हा साईट रांगायची. साईटचं कनेक्शन सुरक्षित ठेवणारं लेट्स एन्क्रिप्ट ह्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, ते आपोआप रिन्यू झालं होतं पण लोकांना पानं पाठवणारा एनजिनएक्स हा प्रोग्रॅम रिलोड केला नव्हता, म्हणून डिस्कवर नवीन आणि लोकांना मात्र जुनंच दिसतंय. मुदत संपत आल्याचे त्यांचे ईमेलही जून २०२५ पासून बंद झालेत, आता रोज सकाळी माझीच एक स्क्रिप्ट तारीख बघून मला मेसेज टाकते.

लोक विचारतात, एकदा साईट बनवली की झालं, दर महिन्याला कसले पैसे? आमच्या मामाच्या घरी खानापूरकडं दर वर्षी पावसाआधी कौलं परततात, तिथं कुणी असं विचारत नाही. सरांकडून मी काही घेत नाही ती गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांना आता स्पष्ट सांगतो, ह्याचे एवढे लागतील.

साईट ज्या भाषेत लिहिलीय त्या पीएचपीच्या ८.१ आवृत्तीचा सिक्युरिटी सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. तुळशीचं लग्न झालं की साईटवर गर्दी सुरू होते, त्याच्या आत हे काम उरकायचंय. बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उतरवून तिथं नवीन पीएचपी लावलंय, दोन पानं फुटलीत, त्यातलं एक पत्रिकेचं आहे. आज रात्री करंट राहिला तर तेच घेऊन बसतो.