चित्रात आहे, पण बोलतंय कोण?

अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत कृष्णवर्णीय मुलं किती, असं कुणी विचारलं तर दोन आकडे मागायचे: कृष्णवर्णीयांबद्दलची पुस्तकं किती, आणि कृष्णवर्णीयांनी लिहिलेली-चितारलेली किती. एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२चं ‘द स्नोई डे’ पहिल्या आकड्यात बसतं, दुसऱ्यात नाही. पुस्तक गोडच आहे, पण लेखक गोरे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचं मॅडिसनमधलं बालसाहित्य केंद्र हे दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवतं. १९८५च्या सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली फक्त १८.

त्याच्या वीस वर्षं आधी, १९६५मध्ये, बालसाहित्याच्या अभ्यासक नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतल्या ६३ प्रकाशकांच्या ५,२०६ पुस्तकांचा हिशेब मांडला होता. कृष्णवर्णीय माणूस त्यातल्या ३४९ पुस्तकांत सापडला, म्हणजे ६.७ टक्के. त्यातही कोपऱ्यातल्या एखाद्या चित्रात दिसला तरी धरलेला.

लिहिणारे नव्हतेच, असं मात्र नाही. कृष्णवर्णीय विचारवंत आणि नागरी हक्कांचे नेते डू बॉइस यांनी जानेवारी १९२०मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. साहित्याची बाजू जेसी फॉसेट बघत. पुढे नामवंत कवी झालेले लँग्स्टन ह्यूज यांच्या अगदी सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. २४ अंक निघाले आणि डिसेंबर १९२१ला ते बंद पडलं. अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार १९२२पासून दिला जातो. कृष्णवर्णीय लेखिकेला तो पहिल्यांदा मिळाला १९७५ साली, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना.

आता मुलांसाठी पुस्तकांची प्रत्यक्ष निवड. मुखपृष्ठावर कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराचा शिक्का असेल तर ‘कुणी केलं’ हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण १९७०पासूनचा हा पुरस्कार आफ्रिकन-अमेरिकन लेखकांसाठी आणि चित्रकारांसाठीच आहे. फक्त शिक्का लेखनाचा की चित्रांचा, ते वाचून घ्या. नवी नावं हवी असतील तर याच पुरस्कारांपैकी जॉन स्टेप्टो यांच्या नावाचा नवोदितांचा पुरस्कार बघावा.

मग जमलेली पुस्तकं जमिनीवर मांडून गठ्ठे करा. गुलामगिरी आणि नागरी हक्कांचा लढा एकीकडे, थोरामोठ्यांची चरित्रं दुसरीकडे, लोककथा तिसरीकडे. उरलं काय? बहुतेक वेळा चौथा गठ्ठाच नसतो: भावंडांची भांडणं, हरवलेला कुत्रा, अंतराळयान, शाळेतलं पहिलं प्रेम. फेब्रुवारीतल्या ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’पुरती, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यापुरती, खरेदी केली की हे हमखास होतं. लढ्याची पुस्तकं काढून टाकू नका, पण चौथा गठ्ठा आधी भरा. लोककथेत नुसतं ‘आफ्रिकेतली गोष्ट’ एवढंच लिहिलं असेल, देश नाही, समाज नाही, तर ते पुस्तक परत ठेवलेलं बरं.

चित्रं केसांपासून तपासायची. कॉर्नरोज म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांच्या रांगा; दोन रांगांमधला भांग स्वच्छ दिसला पाहिजे. डोक्यावर नुसता काळा ढग रंगवला असेल तर चित्रकाराने जवळून पाहिलेलं नाही. रात्रीच्या प्रसंगात मुलीच्या डोक्यावर सॅटिनची टोपी किंवा रुमाल दिसला, तर चित्रकाराला असं घर माहितीचं आहे. सुती उशी केसांतला ओलावा शोषते, घासून केस तुटतात, म्हणून ती टोपी. (ती नसली म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, हेही खरं.) त्वचेचा रंग तपकिरीत काळा मिसळून गडद केला की राखेसारखा मळकट उतरतो, त्यात तांबूस, पिवळसर, निळसर झाक लागते. आणि अख्खं कुटुंब एकाच छटेचं असेल तर तिथं आळस झालाय.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या भाषेच्या. ‘शी बी वर्किंग’ हे वाक्य दिसलं की मोठी माणसं ते मुलांपुढे वाचताना ‘शी इज वर्किंग’ करून टाकतात. खरं तर कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत हे दोन अर्थ वेगळे आहेत, आणि मराठी माणसाला तो फरक समजावून सांगायची गरजही नाही. ‘शी वर्किंग’ म्हणजे ती काम करतेय, आत्ता. ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ती काम करत असते, नेहमी. ‘बी’ काढला की आईच्या रोजच्या राबण्याचं आजच्या एका पाळीत रूपांतर होतं. अनुवाद करताना याच्या उलट घोळ होतो: बोली आहे म्हणून सरसकट गावरान मराठी वापरली जाते आणि न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या फुटपाथवरचा पोरगा एकदम बांधावर जाऊन उभा राहतो. त्यापेक्षा साधी बोलकी मराठी घ्यावी, ‘करते’, ‘करतेय’ आणि ‘करत असते’ हे तिन्ही मात्र डोळ्यांत तेल घालून वेगळे ठेवावेत.